मराठी ब्लॉग वाचकासाठी कसा मांडावा

ब्लॉग सुरू करणारा लेखक बहुतेक वेळा मुखपृष्ठापासून सुरुवात करतो. वरच्या पट्टीत कोणते छायाचित्र घालावे, नावाखाली कोणती ओळ असावी, बाजूच्या पट्टीत काय काय मांडावे यात त्याचे चार दिवस जातात आणि लेखाचे पान मात्र थीममध्ये, म्हणजे ब्लॉगच्या तयार साच्यात, जसे आले तसेच राहते. वाचक नेमका उलट बाजूने येतो. त्याला कुणीतरी व्हॉट्सॲपवर दुवा पाठवलेला असतो, किंवा काही शोधताना गूगलने एक लेख पुढे केलेला असतो. तो थेट त्या लेखावर उतरतो आणि पुष्कळदा मुखपृष्ठ न पाहताच निघून जातो. म्हणून या लेखातला क्रमही तसाच ठेवला आहे: आधी एका लेखाचे पान, त्यातही आधी त्यावरचे अक्षर, आणि मुखपृष्ठ सर्वांत शेवटी.

उदाहरण म्हणून गडकिल्ल्यांवरच्या भटकंतीचा ब्लॉग घेतो. मी स्वतः असा ब्लॉग बरीच वर्षे लिहीत आहे, आणि या लेखनाचा वाचक नेमके काहीतरी शोधत येतो, त्यामुळे मांडणीतली चूक त्याला लगेच नडते.

माध्यमाचा स्वभाव

'वेबलॉग' हा शब्द १९९७ मध्ये यॉर्न बार्गर यांनी वापरात आणला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी त्याचे 'ब्लॉग' केले, त्याच वर्षी ब्लॉगर ही सेवा सुरू झाली, आणि २००३ मध्ये ती गूगलकडे गेली व वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीची पहिली आवृत्तीही आली. 'लॉग' म्हणजे जहाजावरची नोंदवही. त्या नोंदवहीतली तारीखवार नोंदीची पद्धत ब्लॉगने उचलली आणि तिच्यात स्वतःच्या दोन गोष्टी घातल्या: सर्वांत नवी नोंद सर्वांत वर, आणि प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा पत्ता.

यातला कायमचा पत्ता ही या माध्यमाची खरी ताकद आहे. समाजमाध्यमावर लिहिलेले दोन दिवसांत प्रवाहात वाहून जाते. ब्लॉगवरचा लेख दहा वर्षांनी, त्याच पत्त्यावर, अनोळखी माणसाला सापडतो. नवे वर ठेवण्याची पद्धत मात्र या ताकदीच्या आड येते, कारण चांगला पण जुना लेख तिच्यामुळे तळाशी जातो. रोजच्या नोंदींना ती शोभते. हरिश्चंद्रगडाच्या पाचनईकडच्या वाटेवर लिहिलेला लेख काही रोजची नोंद नव्हे. तो पुढची अनेक वर्षे उपयोगी पडणार असतो. ब्लॉगच्या मांडणीतले पुष्कळसे काम म्हणजे जुना लेख वर काढण्याचे काम आहे, आणि त्याकडे आपण पुढे येऊच.

टंकलेखनाची शिस्त

मराठी लेखन युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतातच, करावे हे आता सांगावे लागत नाही. पूर्वी वेगवेगळ्या संस्थांच्या फॉन्टांमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखा दिसे, आणि युनिकोड आल्यानंतरही विंडोज एक्सपीवर भारतीय लिपींची सोय वेगळी चालू करेपर्यंत पानभर चौकोन दिसत. तो काळ सरला. तरी एक अडचण उरली आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नसल्यामुळे अधिक घातक आहे.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. मराठीला हा फरक हवा असतो, म्हणून दुसऱ्या शब्दात रफाराऐवजी आडवा, चंद्रकोरीसारखा र येतो. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि त्यानंतर य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकापुढे ती दोन वेगळी अक्षरमाला असते, आणि काही शोधयंत्रणांना एक सापडते तर दुसरी निसटते. तीच गोष्ट 'ॲप'मधल्या ॲ या अक्षराची. ते स्वतंत्र अक्षर म्हणूनही लिहिता येते, आणि अ लिहून त्यावर चंद्र देऊनही. कळफलक कोणता आहे यावर कोणता प्रकार उमटतो हे ठरते. फोनवर एक आणि संगणकावर दुसरा, असेही होते.

यावर उपाय एवढाच, की एक प्रकार ठरवावा आणि पाळावा. मी खाली टिंब असलेला ऱ आणि स्वतंत्र ॲ वापरतो. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी मजकूर संपादकात घेऊन दुसरा प्रकार शोधावा व बदलावा. याला दोन मिनिटे पुरतात. शीर्षक आणि वर्गीकरणाची लेबले यांत तर ही काळजी घ्यावीच, कारण एकच लेबल दोन प्रकारे लिहिले गेले तर ब्लॉगवर दोन वेगळी लेबले तयार होतात, लेख दोन ढिगांत वाटले जातात, आणि लेखकाला त्याचे कारणही उमगत नाही.

अक्षर वाचता आले पाहिजे

थीम निवडताना समोर दिसणारा नमुना इंग्रजी मजकुराचा असतो, आणि आपण त्याच्याच देखणेपणावर भाळतो. त्या थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नसतील, तर आपला मजकूर फोनमधला जो उपलब्ध असेल त्या फॉन्टात दिसतो, आणि नमुन्याची सगळी प्रमाणे बिघडतात. म्हणून थीम पाहताना पहिले काम हे करावे: आपल्याच लेखाचे चार परिच्छेद तिच्यात घालावेत. त्यात 'उद्ध्वस्त', 'श्रीमंत', 'किल्ल्यांवर', 'शुक्रवारी', 'तर्कहीन' असे वर-खाली पसरणारे शब्द असावेत. वेलांटी, रफार आणि अनुस्वार वर जातात, उकार आणि उभी जोडाक्षरे खाली उतरतात. रोमन लिपीसाठी ठरवलेल्या अंतरात या दोन्ही बाजूंना जागा उरत नाही, आणि वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला टेकतो.

फॉन्ट विनामूल्य मिळतात आणि चांगले मिळतात. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता पडद्यावर स्वच्छ दिसतो आणि त्याची अनेक वजने, म्हणजे कमी-अधिक जाडीची रूपे, उपलब्ध आहेत. नोटो सान्स देवनागरी सर्वत्र चालतो. लेखन ललित आणि दीर्घ असेल, तर टिरो देवनागरी मराठी हा छापील पुस्तकाच्या वळणाचा फॉन्ट मला फार आवडतो, कारण त्यातले ल आणि श मराठी वळणाचे आहेत. शेकडो जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमन फॉन्टपेक्षा बरीच मोठी असते, म्हणून साधे आणि ठळक अशी दोनच वजने पानावर आणावीत, आणि फॉन्ट उतरेपर्यंत मजकूर फोनमधल्या फॉन्टात दिसत राहील अशी व्यवस्था ठेवावी. घाटातल्या गावात, अर्ध्या सिग्नलवर आपला लेख उघडणाऱ्या माणसाला कोऱ्या पानाकडे पाहत बसावे लागू नये.

मजकुराचा आकार १८ पिक्सेलपेक्षा कमी नसावा. माझ्या ब्लॉगवर तो १९ आहे. ओळींमधले अंतर आकाराच्या १.७ ते १.८ पट ठेवावे. इंग्रजीसाठी १.५ पुरते, देवनागरीला पुरत नाही. संगणकाच्या रुंद पडद्यावर मजकुराचा स्तंभ साधारण ६५० ते ७०० पिक्सेलांवर थांबवावा, म्हणजे एका ओळीत बारा-तेरा शब्द येतात आणि नजर पुढच्या ओळीच्या आरंभाला न चुकता पोचते. फोनवर रुंदी आपोआप ठरते, तेथे फक्त दोन्ही कडांना १६ पिक्सेलांची मोकळी जागा सोडावी.

रंगाच्या बाबतीत तडजोड करू नये. फिकट राखाडी अक्षरांची एक फॅशन थीम बनवणाऱ्यांत आहे आणि तिने उतारवयातल्या वाचकांचे फार हाल केले आहेत. वेबच्या सुलभतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ एवढा तेजोभेद मागतात. मराठी अक्षरांत बारकावे अधिक असल्यामुळे मी त्याहून पुष्कळ पुढे जाऊन जवळजवळ काळे अक्षर आणि पांढरी किंवा किंचित पिवळसर पार्श्वभूमी सुचवतो. छायाचित्राखालच्या ओळीही याच नियमात येतात. त्या बहुधा सर्वांत फिकट आणि सर्वांत लहान ठेवलेल्या असतात.

रोमन लिपीच्या काही सवयी देवनागरीला अपाय करतात. अक्षरांमधले अंतर वाढवले, तर रोमन शीर्षक भारदस्त दिसते, पण मराठी शब्दाची शिरोरेघ तुटून तुकडे पडतात. थीममध्ये हे अंतर शून्यावर आणावे. तिरप्या अक्षरांची परंपरा आपल्या लिपीत नाही, आणि फॉन्टमध्ये तिरपे रूप नसेल तर ब्राउझर सरळ अक्षर कलते करून दाखवतो, तेव्हा उद्धृतासाठी अवतरणचिन्हे किंवा डाव्या बाजूची रेघ वापरावी. मजकूर दोन्ही कडांना सरळ जुळवण्याचा मोह टाळावा: 'महाराष्ट्रातल्यासारख्याच' असा एक लांब शब्द पुढच्या ओळीत गेला की मागच्या ओळीत शब्दांमध्ये मोकळ्या जागेच्या विहिरी पडतात. दुव्याखालची रेघ उकारांना कापून जाते, म्हणून ती थोडी खाली सरकवावी. आणि दोन बोटांनी पान मोठे करण्याची सोय थीमने बंद केलेली असेल, तर ती आधी सुरू करावी.

आता एक न दिसणारी, पण आवश्यक गोष्ट. थीमच्या सांकेतिक मजकुरात (कोडमध्ये) पहिल्याच ओळींत पानाची भाषा नोंदवलेली असते आणि पुष्कळदा ती इंग्रजी असते. तेथे मराठीचा दोन अक्षरी संकेत घालावा. पडदा वाचून दाखवणारी साधने त्यावरून कोणत्या भाषेचा आवाज वापरायचा हे ठरवतात, आणि काही फॉन्ट त्यावरूनच मराठी वळणाचा ल किंवा श निवडतात. दृष्टिहीन वाचकासाठी ही एका ओळीची दुरुस्ती म्हणजे लेख ऐकता येणे आणि न येणे यांतला फरक असतो.

लेखाचा पत्ता

वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षर पाठवताना त्याचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन खुणा अशा तीन चिन्हांत लिहिला जातो, म्हणजे एका अक्षराला नऊ चिन्हे. 'मराठी' या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने म, र, काना, ठ आणि वेलांटी अशा पाच खुणा आहेत. पत्त्यात त्यांची पंचेचाळीस चिन्हे होतात. सहा शब्दांच्या शीर्षकाचा दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की अर्धा पडदा टक्क्यांनी भरतो, आणि जपून वागणारा माणूस तो दुवा फसवणुकीचा समजून उघडत नाही. ब्लॉगरवर दुसराच प्रकार होतो: शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल तर ती सेवा पत्त्यात 'ब्लॉग-पोस्ट' आणि एखादा आकडा असे निरर्थक नाव घालते.

दोन्हीकडे उपाय एकच आहे. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्ता स्वतः लिहावा, रोमन अक्षरांत, दोन ते चार शब्दांत, शब्दांमध्ये छोटी रेघ देऊन. गडाचे नाव आणि वाटेचे नाव एवढे पुरते. लेख एकदा प्रसिद्ध झाला की पत्ता बदलू नये. मी एकदा नीटनेटकेपणाच्या हौसेने जुन्या लेखांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी व्यवस्था केली नाही. इतर भटक्यांनी आपापल्या लेखांत दिलेले दुवे एका रात्रीत निकामी झाले, आणि त्यांतले बरेच आजही तसेच आहेत. पत्ता बदलणे खरोखर अटळ असेल, तर ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये आणि वर्डप्रेसच्या प्लगिनांमध्ये ही व्यवस्था मिळते. ती त्याच बैठकीत करावी.

शक्य असल्यास वर्षाला थोडे पैसे भरून स्वतःचे डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेबपत्ता, घ्यावे, कारण सेवा बंद पडली किंवा बदलावी लागली तरी पत्ता आपल्याबरोबर राहतो. ऑर्कुट हे समाजमाध्यम २०१४ मध्ये बंद झाले, तेव्हा त्यावरच्या लेखनाचे काय झाले हे पुष्कळ मराठी वाचकांना आठवत असेल.

लेखाचे पान

शीर्षकाकडे आधी पाहू. 'एक अविस्मरणीय अनुभव' या शीर्षकावरून वाचकाला काहीच कळत नाही, आणि शोधणाराही ते शब्द लिहून शोधत नाही. 'हरिश्चंद्रगड: पाचनईच्या वाटेने एका दिवसात' या शीर्षकात स्थळ, वाट आणि वेळ या तिन्ही गोष्टी येतात. फोनवर शोधाच्या यादीत शीर्षकाचे पुढचे शब्द कापले जातात, म्हणून महत्त्वाचा शब्द आरंभी असावा.

त्यानंतरचा पहिला परिच्छेद लेखकांना सर्वांत अवघड जातो, कारण प्रवासवर्णन पहाटेच्या चहापासून सुरू करण्याची आपली सवय आहे. ललित लेखासाठी ते योग्यच आहे. मार्गदर्शक लेखात मात्र वाचक ज्या प्रश्नासाठी आला आहे त्याचे उत्तर पहिल्या शंभर शब्दांत द्यावे: पाचनईची वाट सोपी आणि नवख्यांना झेपणारी आहे, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट लांब आहे, आणि बेलपाड्याची नळीची वाट अनुभवी माणसे व साहित्य यांशिवाय करू नये. एवढे वाचून जो निघून जाईल तो समाधानाने जाईल, आणि ज्याला कोकणकड्यावरच्या संध्याकाळचे वर्णन हवे आहे तो थांबेलच.

परिच्छेद चार ते सहा वाक्यांचा असावा. छापील पानावर आटोपशीर दिसणारा परिच्छेद फोनवर पूर्ण पडदा भरून टाकतो आणि वाचकाला त्यात टेकायला जागा मिळत नाही. मात्र प्रत्येक वाक्याचा वेगळा परिच्छेद करण्याची अलीकडची पद्धतही मला पटत नाही, कारण तिच्यात विचार सलग बांधला जात नाही. उपशीर्षके द्यावीत, आणि ती नुसती ठळक अक्षरांत न लिहिता संपादकात मिळणारी शीर्षकाची शैली लावून द्यावीत. त्यामुळे वाचून दाखवणाऱ्या साधनाला एका उपशीर्षकावरून दुसऱ्यावर जाता येते.

छायाचित्रे कमी आणि नेमकी असावीत. कॅमेऱ्यातली चार-पाच मेगाबाइटची फाइल तशीच चढवू नये. १२०० पिक्सेल रुंदीची आणि साधारण २०० किलोबाइटची प्रत पुरते. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्र न दिसणाऱ्याला वाचून दाखवले जाणारे वर्णन, द्यावा, आणि त्यात 'छायाचित्र १' न लिहिता चित्रात काय आहे ते लिहावे: 'केदारेश्वराच्या गुहेत पाण्याने वेढलेले शिवलिंग'. वेळापत्रक, तिकिटांचे दर किंवा अंतरे यांचे चित्र बनवून टाकू नये. ते शोधात येत नाही, मोठे करता येत नाही, आणि बदलल्यावर दुरुस्तही करता येत नाही.

जुना लेख वर कसा ठेवावा

लेखाच्या आरंभी दोन तारखा द्याव्यात, प्रथम प्रसिद्धीची आणि शेवटच्या दुरुस्तीची. वाट पावसाळ्यात कोसळते, एसटीची फेरी बंद होते, वनखात्याचे नियम बदलतात. तारीख लपवलेला लेख अशा वेळी वाचकाला डोंगरात चुकीच्या जागी नेऊन सोडू शकतो. काही जण लेख ताजा वाटावा म्हणून तारीख काढून टाकतात. ते वाचकाशी प्रामाणिक नाही.

पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, असे वर्षातून दोनदा, सर्वाधिक वाचले जाणारे दहा लेख मी पुन्हा वाचतो आणि त्याच पत्त्यावर दुरुस्त करतो. त्याच विषयावर नवा लेख लिहिण्यापेक्षा हे चांगले, कारण दिलेले जुने दुवे ताज्या माहितीकडे नेत राहतात.

लेबले दहा-बाराच असावीत आणि ती आधी कागदावर ठरवावीत. मी जिल्हा आणि अवघडपणा अशा दोनच कसोट्या ठेवल्या आहेत. याखेरीज एक अनुक्रमणिकेचे पान हाताने तयार करावे, त्यात गडांची नावे अकारविल्हे आणि प्रत्येकासमोर एक वाक्य. आपोआप तयार होणारी 'मे २०१६ (४)' अशी महिनावार यादी लेखकाला प्रिय असते, वाचकाच्या मात्र ती कामाची नाही, कारण आपण कोणत्या महिन्यात काय लिहिले हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. प्रत्येक लेखाच्या शेवटी दोन किंवा तीन संबंधित लेखांचे दुवे स्वतः निवडून द्यावेत.

उरलेल्या गोष्टी

बाजूच्या पट्टीतले घड्याळ, भेटींचा आकडा आणि अनुयायांची चित्रे काढून टाकावीत. फोनवर ती तशीही लेखाच्या खाली ढकलली जातात आणि पान जड करतात. प्रतिक्रिया आधी पाहून मग प्रसिद्ध कराव्यात, आणि नेमका प्रश्न आला तर उत्तर लेखातच घालावे. नव्या लेखाची सूचना ईमेलने मिळण्याची सोय ठेवावी. फीडही, म्हणजे नवे लेख वाचकाच्या वाचन-ॲपमध्ये आपोआप पोचवणारी सोय, चालू असू द्यावी. २०१३ मध्ये गूगल रीडर ही फीड वाचण्याची सेवा बंद झाल्यावर तिचा वापर घटला, तरी ती वापरणारे वाचक सर्वांत निष्ठावंत असतात. दर महिन्याला सगळ्या लेखांची प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवावी, आणि छायाचित्रे त्या प्रतीत येतातच असे नाही म्हणून ती वेगळी जपावीत.

मुखपृष्ठावर ब्लॉग कशाविषयी आहे हे सांगणारी दोन वाक्ये, निवडक पाच लेख, अनुक्रमणिकेचा दुवा आणि शोधाची चौकट एवढे असले की पुरे.

हे सगळे झाले की एका वाचकाला, शक्यतो साठी ओलांडलेल्या, त्याच्याच फोनवर एक लेख उघडून द्यावा आणि शेजारी गप्प बसावे. काही सुचवू नये. तो कोठे डोळे बारीक करतो, कोठे दोन बोटांनी अक्षर मोठे करतो, कोणता परिच्छेद अंगठ्याने झरकन वर सरकवतो, हे लिहून घ्यावे. माझ्या शेजारच्या काकांना मी पाचनईचा लेख असाच दिला होता. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा वर गेले, खाली आले, परत वर गेले. काय शोधता म्हणून विचारले तेव्हा म्हणाले, "राजूरहून एसटी आहे असं मघाशी वाचलं, ते कुठे होतं?" ती माहिती सहाव्या परिच्छेदाच्या मध्यावर होती. आता माझ्या प्रत्येक लेखात शीर्षकाच्या लगेच खाली चार ओळींची एक चौकट असते: पायथ्याचे गाव, तेथवर पोचण्याचे साधन, चढाईचा वेळ आणि पाणी कोठे मिळते.